पेडल वर आलं नाही

५ ऑक्टोबर, रविवार

चिरंजीवांचा फोन येऊन गेला. "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का? बरं, ठेवतो." गॅसवर दूध होतं, ते वर यायच्या आत बोलणं संपलंसुद्धा. ह्यांच्या गाडीला गिऱ्हाईक आलंय, असं सांगणार होते. तोंड उघडेपर्यंत पलीकडे कुणी नव्हतं.

हे मार्चमध्ये गेले. तेव्हापासून मुलाने या घरात पाऊल टाकलेलं नाही. सगळं आटोपलं त्याच संध्याकाळी बॅग उचलली, तो गेला तो गेलाच. काही लांब राहत नाही, सकाळी निघालं तर जेवायला पोचतं माणूस. कामं असतात म्हणतो. सूनबाईही तेच म्हणते. असतील.

६ ऑक्टोबर

लॅबमध्ये गर्दी. उपाशीपोटी ताटकळलेली माणसं, प्रत्येकाला घाई. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची. "मूठ आवळा. सोडा. झालं." दिवसभरात एवढंच बोलते मी. घरी आल्यावर तेवढंही नाही.

टीव्ही लावून ठेवते. बातम्यांचाच — त्यात माणसं एकमेकांशी भांडतात, घर भरल्यासारखं वाटतं.

८ ऑक्टोबर

आज वस्ताद येऊन गेले. मेकॅनिक आहेत, पण हे त्यांना वस्तादच म्हणायचे, म्हणून मीही. ते आले की दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून बसायचे, मी चहा नेला तरी कुणाला पत्ता नसायचा.

गिऱ्हाईक म्हणजे असल्या जुन्या दांडग्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ आहे. "ठोकलेली आहे ते चालेल, इंजिन चालू होतं का तेवढं बघून सांगा," म्हणाला. म्हणून वस्तादांना बोलावलं.

ताडपत्री काढली. मी आजवर काढली नव्हती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची गाडी. हे रिटायर झाले आणि ही घरात आली. "साडेचारशे घोडे आहेत हिच्यात," असं येईल त्याला सांगायचे. मी म्हणायचे, एवढ्यातला एकही दूध आणायला जात नाही. सवत म्हणायचे मी तिला. हे खूश व्हायचे.

ड्रायव्हरची बाजू पार आत गेली आहे. डोंगरातला उतार, वळण, आणि झाड. समोरून कुणी नव्हतं, मागून कुणी नव्हतं. पोलिसांनी लिहिलं, वेगावर ताबा राहिला नाही. वन्सं चार माणसांत म्हणाल्या, "या वयात मस्ती करायला गेला माझा भाऊ." मी गप्प राहिले. मला तरी दुसरं काय माहीत होतं?

इंजिनाला मात्र ओरखडा नाही. वस्तादांनी आपली बॅटरी जोडली, पलीकडच्या दाराने आत शिरले, चावी फिरवली. इतक्या महिन्यांनी तो आवाज. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली.

मग त्यांनी इंजिन जोरात फिरवलं, क्लच दाबला, आणि एकदम सगळं बंद केलं. "वहिनी, इकडे या जरा."

क्लचचं पेडल तळाला टेकलेलं. त्यावर पाय नव्हता, तरी खालीच. मेल्यासारखं. वस्तादांनी बुटाचं टोक खाली घालून ते वर उचललं.

बॉनेट उघडलं. मुठीएवढी एक डबी असते, तिचं झाकण काढून पांढऱ्या चिंधीचं टोक बुडवलं आणि मला दाखवलं. काळी कॉफी.

"हे क्लचचं ऑइल. ब्रेकला घालतात तेच. नवं असतं तेव्हा फिक्या मधासारखं दिसतं. ह्याला दोन वर्षं तरी कुणी हात लावलेला नाही."

"गेल्या वर्षी बदललंय," मी म्हटलं. "चिरंजीवांनी."

ते चिंधीची घडी घालत राहिले. मग समजावून सांगितलं — एवढ्या ताकदीच्या गाडीत क्लच तापतो भयंकर. प्लेटची धूळ ऑइलमध्ये उतरते, हवेतलं पाणी उतरतं. असं ऑइल तापलं की उकळतं, बुडबुडे धरतं, आणि दाबलेलं पेडल वर येत नाही. सावकाश चालवली तर कळतही नाही. इंजिन जोरात फिरलं की दगा. आता इतके महिने उभी राहून तर नुसतं दाबलं तरी खालीच राहतं.

"आणि उतारावर?" मी विचारलं.

"उतारावर माणूस गिअर खाली टाकायला क्लच दाबतो. पेडल वर आलं नाही की इंजिन चाकांपासून सुटलं, गाडी नुसती घरंगळते. वेग वाढतो. मग माणूस खाली बघतो, पायाने पेडल उचलायला जातो. वळणावर खाली बघायला वेळ नसतो, वहिनी."

"म्हणजे तसंच झालं?"

"मी तिथे नव्हतो. पण ते मस्ती करणाऱ्यांतले नव्हते. मला तेव्हापासून हे सुटत नव्हतं."

ते गेल्यावर हात धुतले. मी कशालाच हात लावला नव्हता, तरी धुतले.

९ ऑक्टोबर

रजा टाकली. काहीही केलं नाही.

१० ऑक्टोबर

नीट आठवून लिहिते.

दर वर्षी हे स्वतःच बदलायचे. त्याला दोन माणसं लागतात — एकाने गाडीखाली शिरून निपल, म्हणजे जुनं ऑइल सोडायचं तोंड, खोलायचं, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. आतली मी. मांडीवर वाटाणे घेऊन बसायचे सोलत. खालून आवाज यायचा, "दाब. धर. सोड." पुन्हा, "दाब. धर. सोड." एका वर्षी मी विचारलं, बायकोशी बोलताय की बैलाशी? खालून किती तरी वेळ हसू येत होतं.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही. चिरंजीव रविवारी आले होते. "बाबा, तुम्ही पडून राहा. मी वरच्या वर करतो, सिरिंजने." मी लॅबमध्ये होते, रविवारची पाळी होती. घरी आले तेव्हा तो निघून गेला होता. रात्री ह्यांनी फोन लावला, स्पीकरवर, कारण बटणं दिसत नव्हती.

"झालं का रे?"

"झालं बाबा."

"रंग कसा होता?"

"काळा होता. आता चकाचक."

हे माझ्या कानांनी ऐकलंय मी.

आज गॅरेजची फळी बघितली. ह्यांनी त्या कामासाठी आणून ठेवलेली बाटली तिथेच आहे, खिळ्यांच्या डब्यामागे. सील तसंच.

तो घरी का येत नाही ते कळलं.

११ ऑक्टोबर

मला राग आला आहे. लिहून ठेवते, नाहीतर आठवड्याने मीच म्हणेन की नव्हता आला.

अर्ध्या तासाचं काम. कंटाळा आला असेल, कुणी मित्राने बोलावलं असेल, ठीक आहे. सांगायचं ना, नाही केलं म्हणून. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बापाशी खोटं बोलला. वर रंगही सांगितला.

कपडे धुतले. पडदे धुतले. पायपुसणीसुद्धा धुतली.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोन वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला. मेसेज आला — आई, बरी आहेस ना? मी समोरच्या खुर्चीवर फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या बाई धापा टाकत खाली आल्या. "अहो, मुलगा किती घाबरलाय तुमचा! उचला की." मग उचलला. आंघोळीला गेले होते म्हटलं. तो "ठेवतो" पण म्हणाला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसासारखा.

"जेवले मी," मीच म्हटलं. आणि ठेवला.

१४ ऑक्टोबर

वन्संचा फोन. "काढलीस का ती गाडी एकदाची? गाडीला तरी काय बोलायचं म्हणा. म्हातारपणी थेरं सुचली, दुसरं काय."

वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. तुमचा भाऊ थेरं करत नव्हता, वन्सं. त्याच्या पायाखालचं पेडल वर आलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. सात महिने ऐकून घेतलंय — नातेवाइकांत, शेजारात, ह्यांच्या जुन्या ऑफिसात. बिचारी, नवऱ्याच्या हौसेपायी एकटी पडली.

पण पुढचा प्रश्न काय येणार ते मला दिसत होतं. का नाही वर आलं? गाडी कोण बघत होतं? आणि संध्याकाळच्या आत सगळ्या गोतावळ्यात त्याचं उत्तर गेलं असतं.

गॅसवर काहीतरी आहे म्हटलं. गॅसवर काही नव्हतं. दोन दिवस चहाबिस्किटांवरच आहे.

१६ ऑक्टोबर

सूनबाईने फोन केला, ऑफिसमधून, हळू आवाजात. "तुम्हाला सांगावं की नाही कळत नाही. हे गाडी चालवतच नाहीत हो. मार्चपासून. बसने जातात. पोरीला शाळेत सोडायचं तरी मीच सोडते."

"का म्हणतो?"

"पाय दुखतो म्हणतात."

"कुठला?"

"डावा. डॉक्टरांना दाखवला, एक्स-रे काढला. काहीच नाही त्यात."

डावा पाय. क्लचचा पाय.

राग अजून आहे. पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज मी आधी बोलले. "गाडी विकतेय. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार."

मग, "मी शनिवारी येतो आई. न्यायच्या आधी एकदा बघायचीय मला."

काय बघायचंय, मी विचारलं नाही. बॉनेट उघडणार, त्या मुठीएवढ्या डबीचं झाकण काढणार, आणि आत बघणार.

२० ऑक्टोबर

कामात लक्ष नव्हतं. एका बाईला दोनदा टोचलं, तिची माफी मागितली.

रिपोर्ट न्यायला येणारी माणसं रोज बघते. काही जण पाकीट घेतात आणि न उघडता निघून जातात. चालत जातात, रस्ता ओलांडतात, फळं घेतात. काही जण तिथेच उघडतात. त्यांतल्या एखाद्याला खुर्ची द्यावी लागते. चिरंजीवांनी सात महिने पाकीट उघडलेलं नाही. शनिवारी उघडणार. त्याआधी आतलं काळं काढून टाकता येईल.

आणि दुसरी बाजू. ते काळं ऑइल सोडलं तर ह्यांची चूक नव्हती असं सांगणारं या जगात दुसरं काही नाही. ते काढून टाकलं की पोलिसांचा कागद खरा आणि वन्संही खऱ्या. कायमच्या. वस्ताद सांगतील, पण ऐकणार कोण? चिंधीवरचा डाग कोण बघणार?

फोटोला विचारलं, तुम्हीच सांगा काय करू. फोटो पासपोर्टसाठी काढलेला. त्यातला माणूस कॅमेऱ्याला घाबरलेला, तो काय सांगणार?

संध्याकाळी वस्तादांना फोन केला. एकट्या माणसाला ते ऑइल बदलता येतं का? "मी येतो ना," म्हणाले. मी नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं नाही, रीत सांगितली. सिरिंजने डबीतलं सगळं ओढून घ्यायचं. नवं भरायचं. झाकण लावून पेडल मारायचं, भरपूर. खालचं काळं वर येतं. पुन्हा ओढायचं, पुन्हा भरायचं. एका दिवसात होत नाही.

"सिरिंज तुम्हाला मी काय शिकवणार," म्हणाले.

२१ ऑक्टोबर

लॅबमधून मोठी सिरिंज आणली, नळीचा तुकडा, हातमोजे. ह्यांच्याच बाटलीचं सील तोडलं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून बॉनेटवर टॉवेल पसरला. गाडी भंगलेली, आणि मी तिचा रंग जपतेय. सवतीसाठी एवढं कोण करतं?

ओढायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं तेच करतेय. काळं, गढूळ, तळाशी चिखल. एका डब्यात काढलं.

मग आत बसायचं होतं.

ह्यांच्या बाजूचं दार उघडत नाही. पलीकडून शिरले, मधला दांडा ओलांडून सरकत गेले, आणि बसले. सीट मागे अडकलेली आहे, ह्यांच्या पायांच्या मापाने. माझे पाय पोचेनात. काठावर सरकून बसले. समोरच्या काचेला तडे, त्यातून गॅरेजची भिंत. ह्यांनी शेवटचं काय बघितलं असेल, हा विचार करायचा नाही असं ठरवून आत शिरले होते.

पेडल दाबलं. खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

मी खाली बघितलं. चपलेचं टोक पेडलखाली घातलं, उचललं, मान वर केली.

तेव्हा कळलं की किती वेळ लागतो. फार नाही लागत. पण त्या रस्त्यावर तेवढाही नव्हता.

रडले. मग पेडल मारत राहिले. "दाब. धर. सोड." मोठ्याने म्हणत होते, कुणी ऐकायला नव्हतंच.

२२ ऑक्टोबर

बाटली संपली. स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. "कुठली गाडी? साहेबांना पाठवा, ते सांगतील." साहेब येणार नाहीत म्हटलं, मला हेच हवंय, दोन बाटल्या. त्याने मुकाट दिल्या.

आजचा रंग कडक चहाचा. पोटऱ्या भरून आल्या आहेत. कोपरापर्यंत त्या ऑइलचा वास.

२३ ऑक्टोबर

आजचा रंग आमच्याकडे चार दिवस पाणी न प्यायलेला पेशंट आला की जो असतो तो. हे असते तर हा विनोद जेवताना केला म्हणून रागावले असते.

पेडल आता निम्म्यावर येऊन थांबतं. विचार करतं, मग वर येतं.

राग बघितला, आहे का ते. आहे थोडा. पेडल मारताना मात्र नव्हता.

२४ ऑक्टोबर

स्वच्छ. चिंधी बुडवली तर नुसती ओली दिसते. पेडल पायामागून लगेच वर येतं.

वस्ताद न बोलावता आले. गाडी चालू केली, इंजिन जोरात फिरवलं, क्लच मारून बघितला, पुन्हा पुन्हा. मग डबी उघडली, चिंधीचं टोक बुडवलं, उजेडात धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या वर्षी बदललेलं दिसतंय."

मी मान हलवली.

काळ्या ऑइलचा डबा कोपऱ्यात होता. "हे मी टाकतो," म्हणाले. मी थांबा म्हटलं. डबा उचलला, हातात धरून उभी राहिले. त्यांना घाई नव्हती. एकदा वाटलं, थोडं ठेवावं, छोट्या कुपीत, वर नाव लिहून, आमच्याकडे नमुने ठेवतात तसं. कधीतरी वन्संना दाखवता येईल. कधीतरी.

मग सगळाच डबा दिला.

वन्सं म्हणतील ते म्हणू देत. हे कसे होते ते मला माहीत आहे. वस्तादांना माहीत आहे. दोन माणसं पुरे आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बसने आला. बारीक झालाय. पाणीसुद्धा प्यायला नाही, सरळ गॅरेजमध्ये गेला. मी मागोमाग. बॉनेटला हात लावायच्या आधीच माझ्याकडे वळला.

"आई, मी बदललं नव्हतं ते. बाबांना खोटं सांगितलं."

मी म्हटलं, "उघड."

उघडलं. बोट बुडवलं, दाराशी उजेडात गेला, बोटाकडे बघत राहिला. मी फक्त एवढंच ठरवलं होतं की त्याला काळं दिसू नये. पुढे त्याच्या मनात काय येईल, याचा विचारच केला नव्हता.

"हे तर स्वच्छ आहे. म्हणजे... बाबांना कळलं होतं? त्यांनीच बदललं?" आवाज लहानपणीचा झाला त्याचा. "मला काहीच बोलले नाहीत?"

"नाही बोलले," मी म्हटलं. "मला म्हणाले, राहू दे, पोरगं कामात असेल."

हे तसंच म्हणाले असते.